नकाशातली गावे : बेळगाव ते निपाणी

आम्हा गोवेकरांची बेळगावशी पहिली ओळख होते ती भाजीतून. सकाळी बाजारात उतरणारा कोबी, फ्लॉवर आणि ओली मिरची घाटावरून येते, आणि घाटावरून म्हणजे बेळगावहून, हे आमच्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असते. पोर्तुगीज अमदानीत शिक्षणासाठी घाट चढून बेळगाव गाठणाऱ्यांच्या आठवणी जुन्या घरांतून अजून निघतात. माझे नाते याहून थोडे जवळचे. माझे आजोळ बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या वाटेवरच्या एका खेड्यात. मे महिन्याची सुट्टी तिथेच जायची.

मामा भूगोलाचे मास्तर. त्यांच्या खाटेखाली पत्र्याची एक ट्रंक असे आणि तिच्यात, तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली, कापडावर चिकटवलेला एक नकाशा घडी करून ठेवलेला असे. 'स्थलदर्शक नकाशा' हा शब्द मी पुढे पुस्तकात वाचला. मामा त्याला टोपोशीट म्हणत. एका दुपारी मी तो जमिनीवर पसरून बसलो होतो.

"काय बघालायस रे एवढं?" मामांनी विचारले.

"मामा, आपलं गाव कुठं आहे ह्यात?"

"गाव आधी शोधायचं नसतंय. आधी ओढा शोध. ओढा सापडला की गाव आपसूक सापडतंय."

ओढा सापडला, गावही सापडले. पण त्या दिवसापासून लागलेली सवय काही सुटली नाही. आज इतक्या वर्षांनी, मामा नसताना, मी त्याच भागाचे नकाशे घेऊन बसतो तेव्हा मामांचे ते वाक्य म्हणजे इतिहास वाचायची एक रीतच होती असे वाटते. ती रीत वापरून बेळगाव ते निपाणी हा टापू कसा दिसतो, ते आज सांगायचे आहे.

आधी थोडे या कागदाविषयी. हे नकाशे काढणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. जुने नकाशे एका इंचाला एक मैल या प्रमाणाचे. स्वातंत्र्यानंतर मेट्रिक पद्धत आली आणि १:५०,००० हे प्रमाण रूढ झाले, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. देशाचे चार अंश बाय चार अंशांचे चौकोन पाडून त्यांना क्रमांक दिलेले आहेत. प्रत्येक चौकोनाचे एकेका अंशाचे सोळा भाग, त्यांना 'ए' पासून 'पी' पर्यंत अक्षरे. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा भाग. असा शेवटचा एक भाग म्हणजे एक शीट, साधारण सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर लांबी-रुंदीचा मुलूख.

या हिशेबाने बेळगाव शहर दोन शीटांच्या सांध्यावर येते. किल्ला ४८ आय/९ वर आणि हिंडलगा ४८ आय/५ वर. निपाणी मात्र ४७ एल/७ वर. ४७ आणि ४८ यांच्यामधली शीव म्हणजे सोळा अंश उत्तर अक्षांश, आणि तो काकती व हत्तरगी यांच्या दरम्यान कुठेतरी महामार्ग ओलांडून जातो. गाडीतून जाताना त्याचा पत्ताही लागत नाही. गोवेकराला यात गंमत अशी वाटेल, की आमची सत्तरी, वाळपईसकट, ४८ आय या चौकोनातच येते. चंदगड आणि दोडामार्गही त्यातच. आज यांची राज्ये तीन आहेत. चौकोन मात्र एकच.

हा योगायोग झाला. पण त्यापाठोपाठ दुसरी गोष्ट आठवते, जी योगायोग नाही. सत्तरी हे नाव सत्तर गावांवरून आले, जशी तिसवाडी तीस गावांची आणि सासष्टी सहासष्ट गावांची. बेळगावच्या जुन्या शिलालेखांत शहराचे नाव वेणुग्राम असे येते आणि त्याच्या भोवतीच्या मुलखाला म्हटले आहे 'वेणुग्राम सत्तर'. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती रट्टांचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली बांधली, त्या काळातली ही भाषा. गोव्याच्या कदंबांची सत्ता तेव्हा घाट चढून हळशीपर्यंत होती. मुलूख गावांच्या संख्येने मोजायचा, ही घाटाच्या दोन्ही अंगांची सामाईक पद्धत. गाव हा हिशेबाचा घटक आठशे वर्षांपूर्वीही होता. पुढे सीमेच्या वादात हाच घटक पुन्हा कसा आला, ते येईलच.

आता मामांच्या रीतीने निळ्या रंगापासून सुरुवात करू. नकाशात पाणी निळे, शेती पिवळी, रान हिरवे, उंचीच्या रेषा तपकिरी, रस्ते आणि वस्ती तांबडी, आणि रेल्वे, हद्दी व नावे काळी. शीटाच्या पश्चिम कडेला तपकिरी रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, तो सह्याद्री. पूर्वेला त्या सैल होत जातात आणि पिवळा रंग पसरतो. निळ्या रेषा बहुतेक सगळ्या पूर्वेला धावतात. मार्कंडेय घटप्रभेला मिळते, आंबोलीला उगवलेली हिरण्यकेशी संकेश्वरवरून जाते, निपाणीच्या उत्तरेला वेदगंगा आणि तिच्यापुढे दूधगंगा. हे सगळे पाणी शेवटी कृष्णेचे. पण दक्षिणेला खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ नकाशा जरा थांबून पाहावा. मलप्रभा तिथे उगम पावून पूर्वेला निघते आणि जवळच्याच कळसा नाल्याचे पाणी म्हादईला मिळून आमच्याकडे येते. दोन्ही पाण्यांच्या मध्ये एक साधी धार आहे, नकाशावर बोटभर रुंदीचीही नाही. म्हादईवरून इतकी वर्षे जे भांडण चालले आहे, ते त्या बोटभर जागेवर उभे आहे हे नकाशा पाहिल्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाही.

जुनी आणि नवी शीट शेजारी ठेवली तर निळा रंग आणखी बोलतो. जुन्या शीटावर घटप्रभा ही एक वळणदार रेघ. नव्या शीटावर हुक्केरी तालुक्यात तिचा मोठा निळा डाग झालेला आहे. ते १९७० च्या दशकात पुरे झालेले हिडकल धरण. त्या डागाखाली गावे गेली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की हुन्नूरचे विठ्ठल मंदिर वर येते आणि माणसे दर्शनाला जातात. नव्या नकाशात तिथे फक्त पाणी. जुन्या नकाशात देवळासकट गाव.

विहिरी म्हणजे निळे ठिपके. असा एक ठिपका बेळगावच्या टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीचा. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या गर्दीला पाणी हवे म्हणून ती खणली. नकाशात ती इतर विहिरींसारखीच एक. कोणती विहीर कोणी, कोणासाठी खणली, हे कागद सांगत नाही. ते गावात जाऊनच विचारावे लागते.

निळ्यानंतर काळी अक्षरे, म्हणजे नावे. इथे नकाशा माझ्या मते सर्वांत रंजक होतो. बेळगावच्या पश्चिमेला आणि उत्तरेला उचगाव, सावगाव, बेळगुंदी, कडोली अशी नावे येतात. त्यांच्यातच बेनकनहळ्ळी येते, जिचे 'हळ्ळी' म्हणजे कानडी खेडे. एका नावाची दोन गावे असली तर मराठी मुलखात मोठे ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द, मूळ फारसी शब्द. बेळगावजवळची कंग्राळी अशीच, बुद्रुक आणि खुर्द. पण त्याच शहरातून पूर्वेला निघालात की हिरेबागेवाडी लागते, आणि बैलहोंगलकडे चिक्कबागेवाडी. 'हिरे' म्हणजे थोरले, 'चिक्क' म्हणजे धाकटे. अर्थ तोच, भाषा बदलली. मात्र ती कुठे बदलली हे पेन्सिलीने दाखवा म्हटले तर जमत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यात दोन हेब्बाळ आहेत, नाव उघड कानडी, आणि एक तर कसबा नूलच्या नावाने ओळखले जाते. कितीही शीटे जोडा, नावे एकमेकांत विणलेलीच राहतात. निपाणीच्या दक्षिणेला घाटातले तवंदी आणि तिथले जैनांचे क्षेत्र स्तवनिधी ही एकाच नावाची दोन रूपे, एक बोलण्यातले आणि एक पोथीतले. त्यात नकाशावर ही सगळी नावे रोमन लिपीत. कोणा सर्वेक्षकाने कानांनी ऐकून लिहिलेले नाव पुढे दुसऱ्या कोणी पाटीवर परत देवनागरीत किंवा कानडीत उतरवले की त्याचा 'ळ' कुठे जातो आणि 'ड' कुठे येतो, याचा नेम नाही.

नावे अशी विणलेली आणि त्यांच्यावरून जाते ती राज्याची सीमारेषा, काळी, ठळक, तुटक. ती कुठून आली? माझाही पुष्कळ वर्षे असा समज होता की १९५६ साली कोणीतरी भाषा पाहून, बरी-वाईट कशी का असेना, ही रेघ ओढली. जुने नकाशे पाहिल्यावर तो समज गेला. निपाणी आणि कागल यांच्यामधली रेघ १९५६ च्या कितीतरी आधीची आहे. ती इंग्रजांचा चिकोडी तालुका आणि कोल्हापूर संस्थान यांच्यामधली हद्द.

तिचीही कुळकथा आहे. १८१७-१८ च्या युद्धात कोल्हापूरकरांनी पेशव्यांविरुद्ध इंग्रजांची बाजू धरली, त्याबद्दल चिकोडी आणि मनोळी हे तालुके छत्रपतींना मिळाले. दहा वर्षांच्या आत कंपनीचे आणि कोल्हापूरचे बिनसले आणि करार करून कंपनीने ते तालुके परत घेतले. निपाणी ही निपाणकर देसायांची, म्हणजे सिद्धोजीराव निंबाळकरांची जहागीर. तीही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीच्या घशात गेली. १८३६ साली धारवाडमधून बेळगाव हा वेगळा जिल्हा निघाला. त्या जिल्ह्याचा नकाशा म्हणजे गोधडी. मध्येच सांगलीचे ठिगळ, मध्येच कुरुंदवाडचे, मध्येच कोल्हापूरचे. बेळगावकर आज साड्या घ्यायला ज्या शहापूरला जातात, ते शहराला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानचे होते. रायबाग कोल्हापूरचे. दक्षिणी संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा ही ठिगळे जवळच्या जिल्ह्यांत शिवली गेली. रायबाग बेळगाव जिल्ह्यात आले ते असे.

मग राज्य पुनर्रचना. १९५६ च्या कायद्यात या भागाविषयी जे आहे ते एका वाक्यात मावते. बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात गेला आणि मुंबई राज्यात राहिला. बाकीच्या ठिकाणी जिल्ह्याची जुनी हद्द होती तीच १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची हद्द झाली. म्हणजे एका छत्रपतींवर कंपनीची मर्जी आधी बसली आणि मग फिरली, त्यातून उरलेली रेघ सव्वाशे वर्षांनी भाषावार प्रांतरचनेच्या नावाने कायम झाली. जिथे घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि देवळात दोन्ही, तिथे अशी रेघ लोकांच्या जिवावर बेतली यात नवल नाही. महाराष्ट्राचे म्हणणे असे, की खेडे हा घटक धरा, तिथली बहुसंख्य भाषा पाहा, सलगता पाहा. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव मात्र आहे तिथेच ठेवावे असे सुचवले. महाराष्ट्राने ते मानले नाही. २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. या वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. फक्त रेघेचा जन्मदाखला काय सांगतो तेवढे इथे नोंदवतो.

या रेघेची गंमत पाहायची तर निपाणीला जावे. देवचंद महाविद्यालय सगळे निपाणीचे म्हणूनच ओळखतात. निपाणीची मुले पायी, सायकलीने तिथे शिकत आली. पण ते आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. घर एका राज्यात, वर्ग दुसऱ्या राज्यात. नकाशात ती काळी रेघ शहराच्या अगदी अंगाला घासून जाते.

निपाणीच्या शीटावर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, यमगर्णीजवळ महामार्ग वेदगंगा ओलांडतो ती जागा. तिथे उंचीच्या रेषा इतक्या दूर दूर आहेत की नदी फुगली तर पाणी कुठे जाईल हे कोणी न सांगता कळते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत हा महामार्ग तिथेच बंद पडला. दुसरी गोष्ट नकाशात नाही म्हणून पाहायची. निपाणी म्हणजे तंबाखू, वखारी, विड्या वळणाऱ्या बायका. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी याच महामार्गावर ठाण मांडून बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले काही मेले. नकाशात त्या जागी एक तांबडी रेघ आहे, बस्स.

आता ज्या खुणेसाठी हा सारा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. शीटाच्या तळाशी चिन्हांची सूची असते. तिच्यात गावाची दोन चिन्हे आहेत. एक वस्तीचे, दुसरे ओसाड पडलेल्या गावाचे. आपल्या महसुली दप्तरात त्याला फार नेमका शब्द आहे, बेचिराख. जिथे दिवा लागत नाही ते. खानेसुमारीतही अशा गावांची नोंद होत राहते. शिवार आहे, नाव आहे, सर्व्हे नंबर आहेत, माणूस एकही नाही.

आजोळच्या शीटावर असे एक चिन्ह आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. मामांच्या माघारी एका डिसेंबरात मी ते शोधायला गेलो. नकाशात तिथे एक विहीर, एक देऊळ आणि दोन तुटक रेघा, म्हणजे पायवाटा. वाटेत गुरे राखणाऱ्या एका आजोबांना विचारले, तर त्यांनी नावच ओळखले नाही. मी रोमन अक्षरांवरून उच्चारत होतो. दोन-तीन वेळा वेगवेगळे म्हणून पाहिल्यावर ते हसले आणि म्हणाले, "असं म्हण की! तिथं कोण ऱ्हातंय? चल, दावतो." त्यांनी म्हटलेल्या नावात 'ळ' होता, माझ्यात 'ल'. एवढ्या फरकाने गाव हरवले होते.

ओढा ओलांडून वर गेलो. वडाचे झाड, त्याखाली शेंदूर फासलेला दगड, बांधीव विहीर, तिच्यात पाणी. नांगरलेल्या ढेकळांत खापरांचे तुकडे. वाटेच्या कडेला गुडघाभर उंचीची दगडी भिंत, कोणाच्या तरी अंगणाची. गाव कशाने उठले हे आजोबांना नक्की ठाऊक नव्हते. त्यांच्या आज्याच्या तोंडून त्यांनी रोगराईचे ऐकले होते. या मुलखाने १८७६-७८ चा दुष्काळ पाहिला, शतक सरताना प्लेग पाहिला, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ पाहिली. यांतले कुठले, की आणखी काही, हे त्या भिंतीवरून सांगता येत नाही. पण आजोबा पुढे म्हणाले, की उठलेली माणसे शेजारच्या तीन गावांत वाटली गेली आणि त्या घरांच्या सुना अजून वर्षातून एकदा इथे येऊन देवीची ओटी भरतात. त्यांतली दोन गावे आज कर्नाटकात आहेत, एक महाराष्ट्रात. बायका दोन्हीकडून येतात. ओटी त्याच दगडापुढे भरतात.

परतताना मी नकाशावर त्या नावाशेजारी पेन्सिलीने देवनागरीत बरोबर नाव लिहिले. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा ते आजोबा नव्हते.

म्हणून सांगावेसे वाटते. हे नकाशे पूर्वी मिळणे कष्टाचे होते. किनारपट्टी आणि सीमेलगतच्या शीटांवर निर्बंध असत. २००५ च्या नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुली मालिका वेगळी केली, २०१७ पासून ती संगणकावर उतरवून घेता येऊ लागली, आणि २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. खुल्या मालिकेचे शीट क्रमांक निराळे आहेत, पण चिन्हे ओळखीचीच. आपल्या गावाचे शीट मिळवा. आधी ओढा शोधा, मग विहिरी, मग वाटा, मग नावे, आणि सीमारेषेकडे सर्वांत शेवटी वळा. आणि मुख्य म्हणजे तो कागद घेऊन गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा. नावे त्याच्या तोंडून ऐका, तो म्हणतो तशी लिहून घ्या. कागद सरकारी कपाटात शंभर वर्षे टिकेल. तो वाचून दाखवणारी माणसे तेवढी थांबणार नाहीत.

मामांचा तो कापडावर चिकटवलेला नकाशा आता माझ्याकडे आहे. घड्यांवर झिजला आहे, आणि नेमके आजोळ घडीवरच येते. गाव जवळजवळ पुसले गेले आहे. ओढा मात्र अजून दिसतो.